तार तुटणारच हे धरून चाला: १९१७ च्या खंदकातलं संदेशवहन, टप्प्याटप्प्याने

पहिलं महायुद्ध, १० मार्च १९१५, फ्रान्समधलं न्यूव्ह शापेल. सकाळी ७.३० ला ब्रिटिश तोफा सुरू झाल्या. ३५ मिनिटं जर्मन खंदक भाजून काढल्यावर त्या पुढच्या लक्ष्याकडे वळल्या आणि ८.०५ ला पायदळ निघालं. त्यात भारतीय कोअरच्या मीरत डिव्हिजनमधली गढवाल ब्रिगेडही होती. गाव सकाळीच हाती आलं. पुढची मोठी चाल मात्र संध्याकाळी ५.३० च्या सुमाराला सुरू झाली. मधले तास वाया जाण्याची कारणं बरीच होती, पण एक मोठं कारण साधं होतं. पुढे काय चाललंय ते मागच्यांना कळत नव्हतं आणि मागे काय ठरलंय ते पुढच्यांना. तोफगोळ्यांनी तारा तोडल्या होत्या आणि पायी येणारा निरोप पोचेपर्यंत शिळा होत होता. तेवढ्या वेळात जर्मनांनी नवी फळी उभी केली.

पुढच्या दोन वर्षांत ब्रिटिश सैन्याने यातून जे शिकून घेतलं, ते हा लेख क्रमाने मांडतो. बटालियनचा सिग्नल अधिकारी १९१७ मध्ये हल्ल्याची तयारी कशी करायचा, कोणतं काम आधी आणि कोणतं नंतर, हे त्यातून कळेल. एनसीसीच्या शिबिरात, शाळेच्या इतिहास मंडळात किंवा युद्धखेळ खेळणाऱ्यांच्या गटात हे करून बघायचं असेल, तर शेवटच्या भागात मैदानावरची मांडणी दिली आहे.

आधी माणसं, मग यंत्रं

त्या काळी ब्रिटिश सैन्यात सिग्नलचं वेगळं दल नव्हतं. रॉयल इंजिनिअर्समध्येच सिग्नल सर्व्हिस होती, स्वतंत्र दल १९२० मध्ये झालं. भारतात ही सुरुवात थोडी आधीची आहे. १५ फेब्रुवारी १९११ ला फतेहगडला ३१ आणि ३२ क्रमांकाच्या डिव्हिजनल सिग्नल कंपन्या उभ्या राहिल्या, आणि आजचं कोअर ऑफ सिग्नल्स हाच दिवस स्थापनादिन मानतं. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या लाहोर डिव्हिजनबरोबर १९१४ मध्येच फ्रान्सला पोचल्या होत्या, पण त्यांचं काम खोदाईचं आणि सुरुंगाचं. ऑक्टोबर १९१४ मध्ये न्यूव्ह शापेललाच त्यांना पायदळासारखं लढायला लावलं आणि त्यात त्यांची फार हानी झाली.

ब्रिगेडपर्यंतच्या तारा इंजिनिअर्स सांभाळायचे. ब्रिगेडच्या पुढे, म्हणजे बटालियन ते कंपनी, हे काम बटालियनच्याच सिग्नलरांचं. दंडावर निळी-पांढरी पट्टी असलेला हा सिग्नलर पायदळाचाच शिपाई असे. मोर्स (ठिपके आणि रेघांची संकेतलिपी) येणारा, हात स्थिर असणारा आणि गोळीबार चालू असताना वर मान काढून काम करू शकणारा. पहिल्या दोन गोष्टी शिकवता येत. तिसरीसाठी माणूस निवडावा लागे.

टप्पा पहिला: साखळी कागदावर काढा

नकाशावर आधी ब्रिगेड मुख्यालय, मग बटालियन मुख्यालय, मग चार कंपन्या. मागे जितकं जावं तितक्या तारा सुरक्षित, पुढे जितकं जावं तितक्या कच्च्या. यातली सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे केबल-हेड. खोल पुरलेली तार जिथे संपते आणि तिथून पुढे जमिनीवरची उघडी तार सुरू होते, ती ही जागा. केबल-हेड जितकं पुढे नेता येईल तितकं न्या आणि बटालियनचं मुख्यालय त्याच्या जवळ बसवा. सेनापतींना आवडणारं घर दुसरीकडे असलं, तरी ते इथेच बसवा. ब्रिटिश सैन्याला हे पटायला १९१७ उजाडावं लागलं.

मग प्रत्येक दुव्यासाठी दोन प्रश्न विचारा. ही तार तुटली तर दुसरं काय? आणि तेही बंद पडलं तर तिसरं काय? ज्या दुव्यापुढे एकच उत्तर लिहिलंय, तो दुवा हल्ल्याच्या दिवशी नाही असंच समजा.

टप्पा दुसरा: तार टाकणं

मध्यम तोफांच्या गोळ्यांपासून तार वाचवायची तर ती सुमारे ६ फूट खोल गेली पाहिजे, असा हिशेब बसला होता. याहून उथळ चर म्हणजे नुसती मेहनत वाया. खोदाई रात्रीच करायची, कारण ताजी माती विमानातून लगेच दिसते. उजाडायच्या आत चर बुजवून वर गवताचे तुकडे पुन्हा बसवायचे. यासाठी पायदळाच्या तुकड्यांच्या तुकड्या लागत, आणि 'आराम' म्हणून मागे आणलेल्या शिपायांनाच फावडी हातात मिळत. या कामाबद्दल त्यांना काय वाटत असेल ते सांगायला नको. फ्लँडर्समध्ये, म्हणजे बेल्जियमकडच्या सखल भागात, आणखी एक अडचण होती. दोन-तीन फुटांवरच पाणी लागे, मग खोलीचा नियम बाजूला ठेवून मातीचा बांध वर घालावा लागे.

केबल-हेडच्या पुढे तार उघडीच. तिथे हे पाळा:

- खंदकाच्या तळाला तार कधीही ठेवू नका. बुटांखाली, स्ट्रेचरखाली, चिखलात ती दिवसभरात मरते. भिंतीला खुंट्यांनी नीट बांधा.
- खंदक ओलांडताना तार एकतर तळाखालून न्या, नाहीतर डोक्यावरून इतकी उंच न्या की संगीन लावलेली रायफल अडकणार नाही. छातीच्या उंचीवर लोंबणारी तार रात्री कोणीतरी शिव्या घालत कापतोच.
- दर थोड्या अंतरावर पट्टी बांधा: कोणाची तार, कुठून कुठे. अंधारात एका भिंतीवर दहा तारा असतात, त्यातली आपली कोणती हे बोटांनाही कळलं पाहिजे. म्हणून काही जण पट्टीला खाचा पाडत.
- सोडून दिलेली जुनी तार गुंडाळून न्या. मेलेल्या तारा तशाच राहिल्या की लाइनमन चुकीची तार जोडत बसतो.

हल्ल्यासाठी एकच तार पुढे नेण्याऐवजी शिडी टाका. दोन तारा थोडं अंतर राखून समांतर न्यायच्या आणि मध्ये मध्ये त्या आडव्या तारांनी जोडायच्या. डावा पाय एका जागी तुटला आणि उजवा दुसऱ्या जागी, तरी आडव्या पायऱ्यांतून वाट शिल्लक राहते. तार दुपटीपेक्षा जास्त लागते, पण एका गोळ्यात संपर्क जात नाही.

टप्पा तिसरा: तुटलेली तार शोधणं

सिग्नलरचं खरं काम हेच, म्हणून इथे थोडं थांबू.

कंपनीकडून उत्तर येणं बंद झालं. आधी आपलं यंत्र तपासा. सेल बसला आहे का, अर्थिंगची खुंटी कोरड्या मातीत आहे का, टर्मिनल सैल आहे का. निम्म्या वेळा दोष पायाशीच असतो आणि माणूस उगाच गोळ्यांत जातो.

यंत्र ठीक असेल तर दोन लाइनमन निघतात. एकटा कधीच नाही. त्यांच्याकडे टेलिफोन, पक्कड, रबरी पट्टी, सुट्या तारेचं भेंडोळं, अर्थिंगची खुंटी आणि एक सेफ्टी पिन असते. ब्रिटिशांचा नेहमीचा टेलिफोन म्हणजे डी मार्क थ्री. त्यावर बोलता येई आणि बझरने मोर्सही पाठवता येई. आवाज गोळ्यांच्या गडगडाटात विरून जातो, बझरची चिरचिर मात्र ऐकू येते, म्हणून मोर्सच जास्त.

पहिल्याने तार डाव्या मुठीत सैल धरायची आणि चालायला लागायचं. तार हातातून सरकत राहते. सोडायची नाही, कारण अंधारात पुन्हा तीच तार सापडेल याची खात्री नसते. शंभर-दीडशे पावलांवर किंवा चाचणीच्या ठरलेल्या पेटीपाशी थांबायचं. पिन आवरणातून आत टोचायची म्हणजे तांब्याला लागते, दुसरं टोक टेलिफोनला जोडायचं, खुंटी जमिनीत रोवायची आणि आपल्याच ठाण्याला हाक द्यायची. उत्तर आलं तर मागची तार शाबूत आहे, तूट पुढे आहे. उत्तर आलं नाही तर आपण तूट ओलांडून पुढे आलोय. टोचलेल्या भोकावर रबरी पट्टी लावायची. हे विसरलं की तिथून पाणी शिरतं आणि उद्या नवा दोष तयार होतो.

मग अचानक मुठीतली तार संपते. टोक सापडलं, पण दुसरं टोक समोर असेलच असं नाही. स्फोटाने ते वीस-तीस यार्ड दूर फेकलेलं असतं, किंवा खड्ड्याच्या काठाने गाडलेलं. एक जण पहिलं टोक धरून बसतो, दुसरा अर्धगोल फिरत तार शोधतो. पहिलं टोक सोडून दोघांनी शोधायला जाणं म्हणजे दोन्ही टोकं हरवणं.

जोड अशी द्यायची: दोन्ही टोकांचं आवरण थोडं मागे सोला. स्काउटमध्ये शिकवतात ती रीफ नॉट आवरणासकट बांधा, म्हणजे ताण गाठीवर येतो, तांब्यावर नाही. उघडे धागे एकमेकांभोवती घट्ट पिळा, रबरी पट्टी गुंडाळा. तार तोकडी पडली तर मध्ये सुटा तुकडा घाला, पण ओढून ताणू नका. ताणलेली तार पुढच्या हादऱ्यात तुटते. मग टेलिफोन लावून दोन्ही बाजूंना हाक द्या. दोन्हीकडून उत्तर आल्याशिवाय परत फिरायचं नाही, कारण एका गोळीबारात तार एकाच जागी तुटते असं क्वचितच होतं.

जोरदार मारा चालू असताना लाइनमन पाठवायचा की थांबायचं, हा निर्णय सिग्नल अधिकाऱ्याचा. पाठवलेली जोडी एक तूट सांधेपर्यंत मागे तीन पडतात. अशा वेळी माणसं राखून ठेवून दिवा किंवा निरोप्या वापरणं शहाणपणाचं. पण मागून ब्रिगेडियर 'तार चालू करा' म्हणून ओरडत असताना हे सांगायलाही धैर्य लागे.

टप्पा चौथा: शत्रूचे कान

एकच तार आणि परतीचा प्रवाह जमिनीतून, ही पद्धत स्वस्त आणि झटपट. पण जमिनीत सोडलेला प्रवाह पसरतो. जर्मनांनी पुढच्या खंदकांत खुंट्या रोवून ऐकण्याची ठाणी बसवली, त्यांना ते मोरिट्झ म्हणत. १ जुलै १९१६ ला, सॉमच्या हल्ल्याच्या काही तास आधी, पहाटे २.४५ ला ला बॉयसेलजवळच्या अशाच एका ठाण्याने चौथ्या सेनेचे सेनापती रॉलिन्सन यांच्या शुभेच्छा संदेशाचा तुकडा टिपला. हल्ला सकाळीच होणार हे त्यातून उघड झालं. आठवडाभर तोफा चालू असल्यावर जर्मन गाफील नव्हतेच, त्यामुळे त्या दिवशीच्या ५७,४७० ब्रिटिश हताहतांचं खापर एका टेलिफोनवर फोडणं चूक. पण हल्ल्याचा दिवस जर्मनांना उघड केला तो त्या टेलिफोननेच.

यंत्रांचे उपाय दोन. एक, जमिनीतून परतीचा प्रवाह बंद करा आणि पिळलेल्या दोन तारा वापरा. दुसरा, फुलरफोन. रॉयल इंजिनिअर्समधल्या कॅप्टन ए. सी. फुलर यांनी १९१५ मध्ये हे यंत्र बनवलं. तारेतून अत्यंत क्षीण एकदिश प्रवाह जातो आणि तो ऐकू येण्याजोगा होतो तो यंत्राच्या आतच, त्यामुळे बाहेर खुंट्या रोवून बसलेल्याच्या हाती काही लागत नाही. शिवाय त्याच तारेवर त्याच वेळी बोलताही येतं.

तिसरा उपाय शिस्तीचा, आणि तोच सगळ्यात अवघड: पुढच्या पट्ट्यात टेलिफोनवर बोलायचंच नाही. तुकड्यांची नावं, बदलीची वेळ, तोफांच्या जागा तर मुळीच नाहीत. तुकड्यांना टोपणनावं असत, ठाण्यांना अक्षरांच्या खुणा असत. तरीही अधिकारीच रिसीव्हर उचलून जेवणाच्या गप्पा मारत. अशा वेळी लाइन तोडायची मुभा साध्या सिग्नलरला असावी, असं माझं मत.

टप्पा पाचवा: निरोप लिहिणं

घाईत लिहिलेला निरोप दुसऱ्या टोकाला निरुपयोगी ठरतो. ब्रिटिश फॉर्मवर पाठवणारा, घेणारा, अनुक्रमांक, तारीख, ठिकाण आणि लिहिल्याची वेळ यांना ठरलेली जागा होती. वेळ पाठवल्याची नव्हे, लिहिल्याची. निरोप तीन तासांनी पोचला तर तो किती जुना आहे हे त्यावरूनच कळतं.

नमुना: 'क्रमांक ७. तारीख १४. एम.२४.सी.३.७ इथे थांबलो. उजवीकडे संपर्क नाही. समोरच्या शेतघरातून मशीनगन. काडतुसं आणि हातगोळे हवेत. सकाळ ९.४०.'

'एम.२४.सी.३.७' हा खंदक-नकाशाचा पत्ता. एम हा मोठा चौकोन, २४ हा त्यातला १,००० यार्डांचा चौरस, सी हा त्याचा नैर्ऋत्येचा ५०० यार्डांचा चतुर्थांश. ३ म्हणजे त्याच्या पश्चिमेच्या कडेपासून पूर्वेला ३ दशांश, १५० यार्ड. ७ म्हणजे दक्षिणेच्या कडेपासून उत्तरेला ३५० यार्ड. आधी पूर्वेला, मग उत्तरेला. हा क्रम उलटा झाला तर आपल्याच तोफा आपल्यावर पडतात.

टेलिफोनवर अक्षरं सांगताना बी, डी, पी, टी, व्ही सगळी सारखीच ऐकू येतात. म्हणून ए ला अ‍ॅक, बी ला बिअर, डी ला डॉन, एम ला एमा, पी ला पिप, एस ला एसेस, टी ला टॉक, व्ही ला व्हिक. सकाळ म्हणजे अ‍ॅक एमा, दुपारनंतर पिप एमा.

टप्पा सहावा: दिवा

खंदकात बावटे हलवणं म्हणजे आत्महत्या. सूर्यप्रकाशावर चालणारा हेलिओग्राफ फ्लँडर्सच्या ढगाळ आकाशाखाली बहुतेक वेळ पडून असे. मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गोष्ट वेगळी, तिथे ऊन भरपूर. पण तिथेही कुतच्या वेढ्यात अडकलेल्या पुणे डिव्हिजनचा, म्हणजे १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणींचाही, बाहेरच्या जगाशी मुख्य दुवा बिनतारी यंत्राचा होता, २९ एप्रिल १९१६ च्या शरणागतीपर्यंत.

पश्चिम आघाडीवर, म्हणजे फ्रान्स-बेल्जियममध्ये, चाले तो ल्यूकासचा दिवा. बॅटरीवरचा, दिवसाही दिसणारा, नेम धरायला वर नळी बसवलेला. मागचं ठाणं उतारावर घ्या, पुढचं खड्ड्यात. पुढच्या दिव्याचं तोंड मागे असतं, शत्रूला ते दिसत नाही. मागचा दिवा उत्तर द्यायला लागला की त्याचा प्रकाश थेट शत्रूच्या डोळ्यांत. म्हणून नेहमी प्रत्येक शब्दानंतर पोच म्हणून एक लांब चमक दिली जाते, ती इथे बंद. पुढचा सिग्नलर निरोप आंधळेपणानेच पाठवतो, पुन्हा एकदा पाठवतो आणि वाचला गेला असेल असं धरतो. मागे दोघं हवेत: एक दिव्यावरची नजर न काढता अक्षरं बोलतो, दुसरा लिहितो. वाचणाऱ्याने अर्थ लावायचा नाही. अर्थ लावायला लागला की पुढचं अक्षर सुटतं.

टप्पा सातवा: पाय आणि पंख

निरोपे नेहमी जोडीने, पण अंतर ठेवून. दोघांनी हल्ल्याआधी वाट दिवसाउजेडी पाहून ठेवलेली हवी. निरोप ठरलेल्या एकाच खिशात, म्हणजे वाटेत पडलेल्या माणसाकडून तो दुसऱ्याला लगेच काढून घेता येतो. पोचल्यावर पाकिटावर वेळ आणि सही घेऊन पाकीट परत आणायचं. अंतर मोठं असेल तर मध्ये निरोप्यांची ठाणी बसवा. दमलेला माणूस मैलभर रखडण्यापेक्षा चार ताजे पाव-पाव मैल पळालेले बरे.

कबुतर एकाच दिशेने जातं, आपल्या खुराड्याकडे, त्यामुळे त्याच्याकडून उत्तराची अपेक्षा नको. रात्री आणि धुक्यात ते उडवून उपयोग नाही. टोपलीत दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका आणि पोटभर चारू नका, भुकेलं पाखरू घराकडे सरळ जातं. महत्त्वाचा निरोप दोन कबुतरांवर. व्हर्दूंच्या फोर्ट व्होमध्ये वेढलेल्या मेजर रेनाल यांनी ४ जून १९१६ ला शेवटचं कबुतर सोडलं. विषारी वायूने अर्धमेलं झालेलं ते पाखरू पोचलं, निरोपही पोचला, पण मदत फोडून आत जाऊ शकली नाही आणि ७ जूनला किल्ला पडला.

संदेशवाहक कुत्रे १९१७ पासून आले. शिपाई त्यांचे लाड करतात, खाऊ घालतात आणि कुत्रा वाटेतच रमतो. याहून जास्त इथे सांगायची गरज नाही.

टप्पा आठवा: हल्ल्याचा दिवस

शून्य वेळेला, म्हणजे हल्ला सुटण्याच्या ठरलेल्या क्षणाला, सिग्नलरांची एक तुकडी हल्ल्याच्या पहिल्या लाटेबरोबर नाही, थोडी मागून निघते. पहिल्या लाटेत गेली तर यंत्रांसकट संपते. तिच्याकडे तारेचं रीळ, दिवा, कबुतरांची टोपली आणि पॉवर बझर. हा बझर जमिनीत दूर दूर रोवलेल्या दोन खुंट्यांतून प्रवाह सोडतो आणि मागे अँप्लिफायर लावलेला माणूस तो जमिनीतून ऐकतो. तारेची गरज नाही, पण शत्रूही ऐकतो, म्हणून फक्त सांकेतिक. बिनतारी संच होते, पण जड. अ‍ॅसिडचे सेल माणसांनी वाहून न्यायचे आणि वर खांबाची तार उभारायची, जी तोफखान्याला आमंत्रणच.

ताब्यात घेतलेल्या खंदकात जाऊन मशाली पेटवायच्या किंवा कापडी पट्टे पसरायचे, म्हणजे वरून फिरणारं विमान आघाडी कुठवर आली ते नकाशावर काढून मुख्यालयावर टाकतं. शिपाई मशाली पेटवायला नाखूश असत, कारण प्रकाश शत्रूलाही दिसे. आणि शत्रूचा प्रतिहल्ला आला की एसओएसचं रॉकेट. त्याचा रंग आधी ठरलेला, वरचेवर बदललेला. रंग दिसताच तोफखाना विचारत न बसता ठरलेल्या पट्ट्यावर मारा करतो. जुना रंग वापरणारी कंपनी वाट पाहत राहते, म्हणून रंग बदलल्याची सही प्रत्येक कंपनीकडून घेऊन ठेवा.

मैदानावर करून पाहताना

दोनशे मीटर बेल वायर, बॅटऱ्यांसकट दोन ९ व्होल्टचे बझर, दोन दाबायची बटणं, दोन टॉर्च आणि फॉर्मचे कागद पुरतात. घरच्या विजेला काही जोडायचं नाही. बिनतारी संच परवान्याशिवाय नको. तारेत दर २५ मीटरवर स्क्रूचा कनेक्टर घाला, ती तुमची चाचणीपेटी. पंचाने कोणालाही न सांगता दोन ठिकाणी तार कापावी, एक टोक गवतात लपवावं. लाइनमनची जोडी तार हातातून सरकवत निघते, प्रत्येक कनेक्टरवर बझर लावून ठाण्याला हाक देते.

त्याच वेळी दुसऱ्या गटाला नकाशा-पत्त्यासह वीस शब्दांचा निरोप द्या. तो दिव्याने, मोर्समध्ये, उत्तर न घेता पाठवायचा. तिसऱ्या गटातले दोन निरोपे तोच निरोप घेऊन पळतील आणि पंच त्यातल्या एकाला वाटेत बाद करेल. तिन्ही वाटांनी निरोप पोचल्याची वेळ, चुकलेली अक्षरं आणि पत्त्यातले आकडे फॉर्मवर लिहा. पहिल्या फेरीत दिव्याचा निरोप बहुधा आकड्यांतच बिघडतो. मग दुसऱ्या फेरीत आकडे दोनदा पाठवा आणि पंचाला तार तीन ठिकाणी कापायला सांगा.